मुलाचे गाऱ्हाणे कोणी ऐकावे?

वसंतात व्याख्याने भरविण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. आज ती मिरजगावासारख्या, नगर-सोलापूर रस्त्यावरच्या बाजाराच्या गावी पोचली आहे आणि सातवीपलीकडे शाळा न पाहिलेल्या आमच्यासारख्या माणसाला ती बोलायला उभे करते. याबद्दल चालकांचे आभार मानून विषयाकडे वळतो. आमचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, कंदिलाच्या आणि पुढे विजेच्या उजेडात, अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा श्रोत्यांनी करू नये.

शाळेतील मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाची विचारपूस करणारा जो समुपदेशक असतो, त्याच्या कामाचा इतिहास हा आजचा विषय होय. हमाल, मापाडी आणि ऊसतोडणी कामगार यांच्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे गाऱ्हाणे. कामगार चळवळीचा सारा इतिहास हा गाऱ्हाणे मांडण्याची जागा मिळविण्याचा इतिहास आहे. ती जागा मोठ्या माणसाने लढून मिळविली. मुलाला मात्र ती अजून पुरती मिळालेली नाही. हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रथम मूल कोठे होते ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत मुले राबत होती आणि त्यांना कसलाच कायदा नव्हता. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तास काम ठरविले. नऊ तास ही त्या काळी सवलत होती, हे ध्यानात घ्यावे! १८९१ साली हे वय नऊवर आले आणि तास सात झाले. १९२२ साली वय बारा झाले आणि तास सहा. याच काळात नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला व युनियनला कायद्यात नाव मिळाले. म्हणजे मोठ्या माणसाला आपले दुःख सांगायला एक कचेरी, एक वही आणि एक प्रतिनिधी मिळाला.

मुलाचे काय झाले? मूल गिरणीच्या दारातून हळूहळू बाहेर पडले आणि शाळेच्या दारात आले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. ही थोर कामे झाली यात शंका नाही. परंतु गिरणीतल्या मुकादमाच्या जागी शाळेत छडी आली. ज्या मुलाला समजत नाही, जे गप्प बसते, जे पळून जाते, त्याला विचारावयाचे काही नसते, मारावयाचे असते, अशी शाळेची आणि घराची दोघांचीही समजूत होती. ‘छडी लागे छमछम’ असे कौतुकाने म्हणणारा आमचा समाज आहे. शाळेत मारण्यास व मुलाचा मानसिक छळ करण्यास स्पष्ट मनाई करणारे कलम आले ते शिक्षणहक्काच्या कायद्यात, आणि तो कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. १८८१ पासून मोजले तर मध्ये एकशे एकोणतीस वर्षे गेली.

याचा अर्थ असा नव्हे की मुलाचे दुःख ऐकणारे कान आपल्याकडे नव्हतेच. आपल्या नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ पासून नगरात होते. त्यांच्यातील सिंथिया फरार या बाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. हे पत्र १८४२ साली नगरातच सुरू झाले होते. या निबंधाकडे आपण साहित्य म्हणून पाहतो, समाजसुधारणेचा पुरावा म्हणून पाहतो. आमच्या मते तो आणखीही एक गोष्ट आहे. शाळेत बसलेल्या एका मुलीला कोणीतरी विचारले की तुझ्या घरात काय चालले आहे, आणि तिने सांगितले, आणि शिक्षकांनी ते खोडून न टाकता जगापुढे ठेवले. विचारणारे असले म्हणजे मूल बोलते, याचा यापेक्षा जुना दाखला आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा दाखला कर्मवीर भाऊराव पाटलांचा. त्यांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काले येथे स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची, घर सोडून आलेली मुले तेथे एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. मोडलेल्या दागिन्यांची कथा सर्वांना पाठ आहे. परंतु घरापासून तुटलेल्या पोराला आधी घरच लागते, वही त्यानंतर, हे त्या माउलीने ओळखले होते; ते ज्ञान दागिन्यांहून मोलाचे.

पण एखाद्या माउलीच्या पुण्याईवर समाज चालत नाही. रविवारची सुटी मालकाच्या दयेवर ठेवून भागले नाही, तसेच हेही. दयेचे रूपांतर व्यवस्थेत व्हावे लागते. ते कोठे व कसे झाले ते आता पाहू.

अमेरिकेत शिकागो शहरी १८९९ साली मुलांसाठी निराळे न्यायालय निघाले. तेथे येणाऱ्या मुलांकडे पाहून प्रश्न पडला की हे मूल चोरी का करते? तेव्हा विल्यम हीली या डॉक्टराने १९०९ साली त्या न्यायालयाच्या जोडीने मुलांची तपासणी सुरू केली. त्याच्या दोनतीन वर्षे आधीच न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत शाळेतून मुलाच्या घरी जाणाऱ्या शिक्षिका नेमण्यात आल्या होत्या. मूल शाळेत का येत नाही हे शाळेत बसून कळत नाही, घरी जाऊन कळते, हा साधा शोध त्यांनी लावला. व्हिएन्ना शहराची गोष्ट तर आम्हा कामगारांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. तेथील नगरपालिका १९१९ पासून १९३४ पर्यंत समाजवादी मजूर पक्षाच्या हाती होती. तिने कामगारांना घरे बांधून दिली आणि त्याच काळात आल्फ्रेड आडलर या मनोवैज्ञानिकाने शाळाशाळांतून मुले, पालक व शिक्षक यांना एकत्र बसवून सल्ला देणारी केंद्रे चालविली. १९३४ साली हुकूमशाही आली, मजूर पक्ष मोडला आणि ही केंद्रेही बंद पडली. ज्या राज्यात मोठ्यांचे तोंड बंद होते, तेथे मुलाचे तोंड उघडे राहत नाही.

आपल्या देशात हे काम सुरू झाले ते मुंबईत, भायखळ्याजवळच्या नागपाड्यात. नगरात ज्या मिशनने शाळा काढल्या त्याच अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट हे गृहस्थ १९२५ साली मुंबईस आले आणि नागपाड्याच्या गरीब वस्तीत त्यांनी ‘नेबरहुड हाऊस’ चालविले. वस्तीत राहून वस्तीचे काम करावे, अशी ती कल्पना. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ साली त्याच ठिकाणी समाजकार्य शिकविणारी संस्था निघाली. तिलाच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतात. या संस्थेने १९३७ साली मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडले. हिंदुस्थानातील अशा प्रकारचे ते पहिलेच. हे केंद्र मलबार हिलवर निघाले नाही, कामकऱ्यांच्या गर्दीच्या वस्तीत निघाले, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तोही लगेच पुढल्या वर्षी, १९३८ साली.

अशा केंद्राचे काम चालते कसे? त्यात तीन माणसे असतात. एक मनोविकारांचा डॉक्टर, दुसरा मानसशास्त्रज्ञ आणि तिसरा समाजकार्यकर्ता. मूल आले की समाजकार्यकर्ता आईबापांशी बोलतो, घरी जातो. घरात माणसे किती, खोल्या किती, मिळवते कोण, दारू आहे काय, कर्ज आहे काय, मूल कोणापाशी निजते, हे सारे तो समजून घेतो. मानसशास्त्रज्ञ मुलाची कुवत पाहतो. ही कुवत पाहण्याची फ्रान्समध्ये निघालेली चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांवर घासूनपुसून आपली केली आणि १९४० साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय त्याला मठ्ठ ठरविण्याचा अधिकार कोणाला नाही, हा त्या खटाटोपातला न्याय. डॉक्टर आजार आहे की नाही ते पाहतो. मग तिघे एकत्र बसतात आणि ठरवितात की दुरुस्ती कोठे करावयाची, मुलात, घरात की शाळेत. पुष्कळ वेळा ती मुलात करावयाची नसतेच.

येथे शब्दाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळे आमच्या लोकांना वाटते की हा मनुष्य मुलाला चार गोष्टी सुनावणार. वस्तुतः त्याचे काम उलट असते. तो ऐकतो, विचारतो, थांबतो, आणि ऐकलेले बाहेर फोडीत नाही. लहान मूल बोलू शकत नसेल तर तो त्याला माती देतो, रंग देतो, खेळू देतो, आणि खेळातून काय बाहेर येते ते पाहतो. उपदेश करणारे गावात हवे तेवढे आहेत. ऐकणाऱ्यांचीच वाण आहे.

मग १९३७ साली सुरू झालेले हे काम आमच्या कर्जत तालुक्यापर्यंत का पोचले नाही? सरकारला सुचले नाही असे नव्हे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने सांगितले होते की निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा. दहा शाळांमागे एक, ही काही मोठी मागणी नव्हती. परंतु मार्गदर्शन या शब्दाचा अर्थ आपण आकुंचित केला. मुलाने पुढे कोणती शाखा घ्यावी एवढेच मार्गदर्शन उरले. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली, तीही याच वळणाची. मुलाचा कल कोठे आहे हे विचारले. मुलाला रात्री झोप लागते काय, हे कोणी विचारले नाही. जे काम झाले ते बहुतेक शहरांत झाले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. टाटा संस्थेतूनच १९९६ साली मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी निघाला आणि तो देशभर गेला. ही सारी मोलाची कामे होत. पण ती खेड्यातल्या वर्गापर्यंत चालत आली नाहीत.

आणि दोष सरकारचाच आहे काय? येथे आम्हांस आमचा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे.

वीस-बावीस वर्षांमागची गोष्ट. या भागातील ऊसतोडणी आपणांस ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, त्यामुळे न जाण्याची सोय नाही. अशा एका कोयत्याचा दहा वर्षांचा मुलगा आजीपाशी गावी ठेवला होता. मार्गशीर्षात त्याच्या पोटात दुखू लागले. रोज सकाळी शाळेच्या वेळेला दुखे आणि रविवारी दुखत नसे. अंथरूण ओले होऊ लागले. आम्ही तेव्हा दरवाढीच्या लढ्यात होतो. तोडीच्या फडावर सभेला गेलो असता त्याच्या बापाने आम्हांस विचारले, “आण्णा, पोरगं शाळंत जाईना, काय करावं?” आम्ही घाईत होतो. आम्ही म्हणालो, “लाडावलंय ते. दोन ठेवून द्या, सरळ होईल.” पुढाऱ्याचा शब्द म्हणून त्याने तो मानला. पोराला मार बसला. वर्षभरात पोराने शाळा सोडली आणि तो फडावर वाढे बांधू लागला. दरवाढ मात्र आम्ही मिळविली आणि गुलालही उधळला.

चारएक वर्षांमागे तोच मुलगा, आता स्वतः कोयता झालेला, आम्हांस भेटला. बोलता बोलता जुने निघाले. त्या हंगामात त्यांच्या शेजारचे एक जोडपे कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर उलटून गेले होते. तेव्हापासून ते पोर रात्रभर जागे राहत असे. रस्त्यावर गाडी थांबली की त्याला वाटे, आता आपल्या आईबापांची बातमी आली. सकाळी शाळेत गेले आणि तेवढ्यात बातमी आली तर, म्हणून ते घर सोडत नव्हते. आम्ही विचारले, “तेव्हा सांगितले का नाहीस?” तो सहज म्हणाला, “आण्णा, कुणी इचारलंच न्हाई.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस सोपे गेले असते.

कामगाराचे गाऱ्हाणे ऐकणे हा ज्यांचा धंदा, त्यांनी कामगाराच्या मुलाचे गाऱ्हाणे ऐकले नाही. पगार वाढला की घर आपोआप सुधारते, ही आमची समजूत अर्धीच खरी होती. उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्या मुलाला उत्तम समुपदेशक मिळाला असता तरी आईबापांना उचलीपायी जावे लागणे थांबले नसते. मुलाची भीती खोटी नव्हती. ट्रॅक्टर खरोखरच उलटला होता. म्हणून ऐकणारा आणि लढणारा ही दोन्ही माणसे हवीत, आणि त्यांची एकमेकांशी ओळख हवी.

आता वर्तमानाकडे येऊ. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, साऱ्या देशाला लागू होतील असे निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. शंभरांहून कमी असतील तेथे बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. शाळा, महाविद्यालये, शिकवणीवर्ग, वसतिगृहे सारी यात आली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजना आखली. तिलाही हा निर्देश लागू पडतो.

निकाल वाचून आम्हांस आनंद झाला आणि जुनी आठवणही झाली. १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होते. पाचशे किंवा अधिक कामगार असतील तेथे कामगार कल्याण अधिकारी नेमावा. या अधिकाऱ्यांचे शिक्षणही टाटा समाजविज्ञान संस्थेत होत असे, म्हणजे मुलांचा समुपदेशक आणि कामगारांचा कल्याण अधिकारी ही एकाच घरची भावंडे. त्या अधिकाऱ्यांत सज्जन माणसे पुष्कळ निघाली. पण पगार मालकाचा, खुर्ची मालकाच्या कचेरीत, त्यामुळे कामगार त्याच्यापाशी मन मोकळे करीनासा झाला. काही ठिकाणी तो हजेरी पाहू लागला, काही ठिकाणी नुसता कागदावर राहिला. पाऊणशे वर्षांच्या या अनुभवातून आम्ही शाळेच्या समुपदेशकासाठी चार गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली ही की त्याला बसायला दार असलेली खोली हवी आणि मुलाने सांगितलेले त्याने शिक्षकांच्या खोलीत बोलू नये. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. दुसरी, त्याच्यावर हजेरीपट, परीक्षा आणि पोषण आहाराचे हिशेब लादू नयेत. तिसरी, त्याने घरी जावे, आणि आमच्या भागात घर म्हणजे सहा महिने उसाच्या फडावरची कोपी, हे त्याने विसरू नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मुलाला शाळेच्या सोयीचे करणे हे त्याचे काम नव्हे. मूल गप्प बसू लागले म्हणजे ते बरे झाले, असे नाही. संप मिटला म्हणजे कामगार सुखी झाला, असे तरी कोठे असते?

हे सारे होईपर्यंत थांबावे काय? थांबू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारचा ‘टेली-मानस’ हा १४४१६ क्रमांक चालू आहे. तेथे रात्रंदिवस, पैसे न घेता, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या आणि प्रत्येक मुकादमाच्या भिंतीवर लिहिला जावा. परंतु क्रमांक फिरविण्याआधीचे काम आपले आहे. टोळ्या निघतील तेव्हा मागे राहिलेली मुले किती, ती कोणापाशी आहेत, याची एक वही गावात असावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी मोठ्या माणसाने त्या मुलांपाशी जाऊन बसावे. आमच्या युनियनच्या कचेरीत अशी वही आम्ही गेल्या दसऱ्यापासून ठेवली आहे. तिच्यात मुलांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे, त्याला काय विचारले व ते काय म्हणाले, यासाठी जागा सोडली आहे. पुष्कळ नावांपुढची जागा अजून कोरी आहे. ज्या कोणाला संध्याकाळी तासभर सवड असेल, त्याने कचेरीत यावे आणि एक नाव उचलावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.